असू द्या एक जादा

माणसाचं नशीब पत्रिकेत लिहिलेलं असतं, असं ज्याने कुणी म्हटलं त्याने आयुष्यात कार्यालयात नोकरी केलेली नसणार. कार्यालयात नशीब ठरतं ते टेबल कुठे टाकलंय यावरून. खिडकीपाशी टेबल मिळालेला माणूस रस्त्यावरच्या रिक्षा बघत बघत पेन्शनीत जातो. साहेबांच्या दारापाशी ज्याचं टेबल, त्याला साहेबांच्या बदलीची बातमी साहेबांच्या आधी लागते. माझं टेबल झेरॉक्स मशीनच्या शेजारी आलं.

नेमणुकीच्या आदेशात मी कनिष्ठ लिपिक आहे. पण मशीनपासून हातभर अंतरावर बसणारा माणूस हा मशीनचाच सुटा भाग असतो, अशी आमच्या कार्यालयाची ठाम समजूत आहे. मला कुणी नमस्कार करत नाही, सरळ कागद पुढे करतात. आता सवय इतकी अंगात मुरलीय की घरी बायकोने रेशनकार्ड शोधायला सांगितलं तरी तोंडातून निघतं, "पाठपोट की एकाच बाजूला?"

या जागेवर बसून मला मनुष्यस्वभावाचं जे ज्ञान झालं, ते मोठमोठ्या साधूंना हिमालयात झालं नसेल. ते असं, की जगात कुणालाही हव्या तेवढ्या प्रती पुरत नाहीत.

"किती काढू?"

"दोन."

मी आकडा दाबतो. मशीन गुरगुरायला लागतं, तोवर मागून आवाज येतोच. "तीन करा. असू द्या एक जादा."

ही जादा प्रत पुढे कुठे जाते, याचा मी बराच माग काढला आहे. ती पिशवीत जाते. आमच्या सोलापुरात घरटी अशी एक पिशवी असते, बहुधा कापडदुकानाची, बंद तुटलेली. तिच्यात घरातल्या सगळ्यांचे जन्माचे दाखले, मरणाचे दाखले, मधल्या काळातली वीजबिलं, सगळ्याच्या जादा प्रती असतात. गावाला जाताना दागिने बिनघोर शेजारणीकडे ठेवणारी माणसं ही पिशवी मात्र मांडीवर घेऊन प्रवास करतात. आणि ऐन वेळी तिच्यात हवा तो कागद सोडून बाकी सगळं सापडतं. मग तोच माणूस पुन्हा माझ्यासमोर. "दोन काढा. नाही, तीनच करा."

कार्यालयाला असं उघड म्हणायची सोय नसते, म्हणून त्याने जादा प्रतीला भारदस्त नावं ठेवली आहेत. मूळ पत्र जातं, त्याची स्थळप्रत राहते. एक प्रत वर 'सविनय सादर' होते, चार प्रती खाली 'माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी' उतरतात आणि यादीच्या अगदी तळाशी असते 'निवडनस्ती', म्हणजे प्रत राखून ठेवायची फाइल. नोकरीला लागलो तेव्हा निवडनस्ती नावाचे कुणी गृहस्थ मंत्रालयात बसतात असा माझा समज होता. प्रत्येक शासन निर्णयाची प्रत त्यांना जाते आणि त्यांचं कधीच उत्तर येत नाही, तेव्हा अधिकारी फारच वरचे असणार.

मध्यंतरी वरून एक परिपत्रक आलं. कागदाचा वापर कमी करावा, शक्यतो सर्व कामकाज ई-ऑफिसमधून करावं, असा दोन पानी मजकूर. साहेबांनी कोपऱ्यात लिहिलं, 'सर्व टेबलांना प्रत द्यावी व पोच घ्यावी.' म्हणजे टेबलागणिक एक प्रत ठेवायला आणि एक प्रत सही घेऊन परत आणायला. शिवाय सूचनाफलकावर एक, बारनिशीत एक आणि तालुक्यांना निराळ्या. दुपारी कपाटातली रिमं संपली. कागद खरेदीचं टिपण मी संध्याकाळी तीन प्रतींत ठेवलं.

आमचे साहेब तसे आधुनिक आहेत. ई-मेल आला की लगेच प्रिंट काढायला लावतात. प्रिंटवर हिरव्या शाईने शेरा मारतात. शेरा मारलेल्या कागदाची मी झेरॉक्स काढतो, झेरॉक्स स्कॅन होते आणि ई-मेलने पंढरपूरला जाते. पंढरपूरचे साहेबही याच घराण्यातले. ते त्याची प्रिंट काढतात, शेजारी आपला शेरा मारतात आणि स्कॅन करून परत पाठवतात. असं एक प्रकरण बराच काळ येरझाऱ्या घालत होतं. दर फेरीला मजकूर थोडा तिरका होई, थोडा फिका पडे, कडेचे शब्द गळून पडत. शेवटी त्या पानावर मूळ पत्र उरलंच नाही, नुसते दोन्हीकडचे शेरे उरले. मग प्रकरण तत्काळ निकाली निघालं. कुणालाच काही अडचण आली नाही.

आता मशीनबद्दल. हे मशीन बनवणाऱ्यांनी मे महिन्यातलं सोलापूर पाहिलेलं नाही. त्याच्या पोटात एक तापलेला रूळ असतो. काळी भुकटी वितळवून कागदावर चिकटवणं हे त्याचं काम. आमच्याकडे पारा ४३-४४ला टेकतो तेव्हा तो रूळ बंद ठेवला तरी भागेल, असं शिपाईमामांचं मत आहे. दुपारी दोननंतर मशीन स्वतःच ठरवतं आणि गप्प होतं. सोलापूरच्या नळाला पाणी कसं काही दिवसांआड येतं, त्याच धर्तीवर मशीनने आपलं वेळापत्रक बसवून घेतलं आहे. मग मी दुरुस्तीवाल्याला फोन करतो.

"येलालोय की सर, वाटेतच आहे."

ही वाट कधी बार्शीहून येते, कधी अक्कलकोटहून. मुलगा गुणी आहे. आला की मशीनचं पोट उघडतो, आत फुंकर मारतो, काळ्या हाताने कपाळ पुसतो आणि दर वेळी तेच निदान सांगतो.

"मशीन एसीत पाहिजे सर."

"एसी साहेबांच्या केबिनमध्ये आहे."

"मग मशीन केबिनमध्ये ठेवा."

मशीनबरोबर मशीनचा सुटा भागही आत जाईल, या आशेने मी तसं टिपण तातडीने ठेवलं. साहेबांनी त्यावर 'चर्चा करावी' असा शेरा मारला आहे. ज्या कागदावर 'चर्चा करावी' लिहिलं गेलं, त्याबद्दल पुढे कुणी कधी बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही.

कागद अडकतो तो प्रसंग तर बघण्यासारखा. मशीनच्या पडद्यावर चित्र उमटतं. अमुक दार उघडा, हिरवी पट्टी उचला, कागद हळूच ओढा. चित्र इतकं स्पष्ट असतं की त्याकडे कुणी बघत नाही. सगळं कार्यालय भोवती जमतं.

"ट्रे दोन उघडा, ट्रे दोन!"

"ट्रे नाही हो, पाठीमागचं दार. आमच्या जुन्या ऑफिसात असंच झालं होतं."

"मॅडम, ओढू नका, फाटेल."

"मी ओढत नाहीये, तो आपोआप येतोय."

आणि कागद आपोआप येतो, पंख्यासारखा घड्या पडून, अर्धा. उरलेला अर्धा आतच. तो नेमका असा कागद असतो की ज्याची दुसरी प्रत जगात कुठेही नसते आणि ती असावी म्हणूनच माणूस आलेला असतो. सगळे दमून आपापल्या जागी गेले की शिपाईमामा उठतात, तंबाखू झटकतात, मशीनच्या डाव्या कुशीवर तळहाताने एक ठेवून देतात. मशीन सुरू. नेमकं कुठे आणि किती जोरात, ते मामा कुणाला सांगत नाहीत. पुढच्या वर्षी ते निवृत्त होताहेत. एवढी काळजी कार्यालयाला साहेबांच्या बदलीचीही कधी वाटली नव्हती.

हा उपद्व्याप सुरू कुणी केला म्हणून मी एकदा चौकशी केली. तोही आमच्यातलाच निघाला. चेस्टर कार्लसन हा न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरी करायचा. पेटंटच्या कागदांच्या आणि आकृत्यांच्या प्रती लागायच्या आणि त्या कधी पुरायच्या नाहीत. इंग्रजीत 'असू द्या एक जादा' कसं म्हणतात ठाऊक नाही, पण त्याला ते रोज कुणीतरी म्हणत असणार. वैतागून त्याने आधी घरच्या स्वयंपाकघरात आणि नंतर अस्टोरिया भागातल्या एका भाड्याच्या खोलीत प्रयोग मांडले. २२ ऑक्टोबर १९३८ला त्याने आणि त्याचा मदतनीस ओटो कॉर्नेई याने गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने खसाखसा घासला, त्यावर शाईने लिहिलेली काच ठेवली, दिवा दाखवला, भुकटी भुरभुरली आणि मेणकागद दाबून उचलला. कागदावर अक्षरं उमटली. कोणती? त्या दिवसाची तारीख आणि 'अस्टोरिया'.

जगातली ही पहिली झेरॉक्स मला फार जवळची वाटते. दिनांक आहे, ठिकाण आहे. सही तेवढी राहिली. आमच्या कार्यालयाने तो कागद 'अपूर्ण' म्हणून परत केला असता.

पुढे वीसहून अधिक कंपन्यांनी त्या बिचाऱ्याला हेच सांगितलं, म्हणजे कागद परत केला. अखेर १९५९मध्ये ९१४ नावाचं मशीन बाजारात आलं. वजन जवळजवळ ३०० किलो. ते अधूनमधून पेट घ्यायचं, म्हणून कंपनी सोबत आग विझवायचं नळकांडं द्यायची. हे वाचल्यापासून मला आमच्या मशीनबद्दल थोडा आदर वाटायला लागलाय. निदान ते फक्त रुसतं. मशीन चालवणं किती सोपं आहे हे दाखवायला कंपनीने टीव्हीवर जाहिरात केली. तिच्यात एक चिंपांझी टुणटुणत येतो आणि साहेबाला प्रत काढून देतो. त्यानंतर अमेरिकेतल्या कार्यालयांत मशीनवर काम करणाऱ्या बायकांना मशीनवर केळी ठेवलेली सापडू लागली आणि कंपनीने ती जाहिरात मुकाट्याने मागे घेतली. ही माहिती मी आमच्या कार्यालयात कुणालाही दिलेली नाही. आमच्या जिल्ह्यात करमाळ्याकडे केळी भरपूर पिकतात.

आपल्याकडे हे यंत्र रुळायला १९८३ साली मोदी झेरॉक्स कंपनी निघावी लागली. त्याआधी कार्बन होता, नाहीतर सायक्लोस्टाइल. आमचे एक निवृत्त अव्वल कारकून सांगतात, स्टेन्सिल कापताना चूक झाली की नेलपॉलिशसारखं लाल औषध लावायचं, वाळेपर्यंत फुंकायचं आणि पुन्हा टाइप करायचं. "त्यामुळे आम्ही लिहायच्या आधी विचार करायचो," असं ते म्हणतात. म्हणताना बघतात मात्र माझ्याकडे.

त्यांना काय कल्पना! त्यांच्या काळी आधार कार्ड नव्हतं. देशातलं पहिलं आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं आणि त्या दिवसापासून महाराष्ट्रातल्या झेरॉक्सवाल्याची पाठ सरळ झालेली नाही. कुठल्याही कामाला आधारची प्रत लागतेच. न लागणाऱ्या कामाला माणूस आपणहून जोडतो. मे २०२२मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने जाहीर केलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देत सुटू नका, गैरवापर होईल. मी पेढे आणायच्या बेतात होतो. दोन दिवसांत सरकारने ती सूचना मागे घेतली. गैरसमज होईल म्हणून. त्या दोन दिवसांत आमच्याकडे आलेली माणसं विचारत होती, "ती सूचना दाखवा की. तिची झेरॉक्स मिळेल का?"

मूळ कार्ड कुणीच आणत नाही. ते घरी, पिशवीत. आणतात ती झेरॉक्स, त्या झेरॉक्सची मी काढतो झेरॉक्स. चार पिढ्या गेल्या की फोटोच्या जागी एक काळा ठिपका आणि दोन कान उरतात. खिडकीवरच्या मॅडम तो ठिपका माणसाशेजारी धरून गंभीरपणे ताडून बघतात.

"हे तुम्हीच का?"

"असेन की मॅडम. कान माझेच दिसलालेत."

नावांचा तर वेगळाच महोत्सव. सोलापुरात एका गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू नांदतात. त्यामुळे आडनाव शाळेच्या दाखल्यावर एक असतं, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरंच. परवा एक काका कागद माझ्यापुढे सरकवून हळूच म्हणाले, "सर, झेरॉक्समध्ये एक काना वाढवता येतो का?"

"काका, मशीनला तसं बटण नाही."

"बाहेरच्याकडं असतं का मग?"

२०१५मध्ये राज्य सरकारने मोठी कृपा केली. साक्षांकित प्रतीसाठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात उभं राहायची गरज संपवली. आपल्या कागदावर आपणच सही करायची, झालं. पण स्वतःच्या सहीवर स्वतःचाच विश्वास नसणं हा आपला जुना गुण आहे. "माझ्या सहीला कोण विचारतंय सर? तुम्हीच एक शिक्का मारा की." माझ्याजवळ शिक्का आहे तो फक्त आवकचा. मी हे समजावून सांगतो, तर लोक म्हणतात, "चालतंय. निळा आहे ना?"

खरं तर मूळ आणि नक्कल हा भेद सोलापूरकराला नव्याने शिकवायला नको. आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी देशभर रस्त्याकडेला 'सोलापुरी, सोलापुरी' म्हणून ओरडून विकल्या जाणाऱ्या सगळ्या चादरींनी सोलापूर पाहिलेलं असतंच असं नाही. आणि अस्सल चादर तरी काय, जेकॉर्डच्या मागावर पुठ्ठ्याची भोकं पाडलेली पत्रं फिरतात आणि एका मोराचे हजार मोर होतात. पण त्यातल्या एकाही मोराला कधी कुणी 'मूळ मोर घेऊन या' म्हणून परत पाठवलेलं नाही.

कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, त्या २०२३च्या अखेरीस आमच्या मशीनने मोडीही पाहिली. जुनी, तपकिरी पडलेली, कडा कुरतडलेली पानं. काचेवर ठेवताना प्रश्न पडायचा, वरची बाजू कोणती? कागद ज्याचा होता त्यालाही ठाऊक नसायचं. मी एकदा सुलटा ठेवून आणि एकदा उलटा ठेवून प्रत काढायचो आणि दोन्ही द्यायचो. कुणी तक्रार केली नाही. उलट एक प्रत जादा मिळाली म्हणून लोक खूष.

माहितीच्या अधिकारात आलेल्या एका अर्जाने मात्र कार्यालय हादरलं. अर्जदाराला हवं होतं, की गेल्या पाच वर्षांत या कार्यालयाने एकूण किती झेरॉक्स प्रती काढल्या आणि त्या का काढल्या. आमच्याकडे याची नोंदवही आहे. कागद वाचवायच्या त्या परिपत्रकानंतर ती सुरू झाली. कुणी, कशाच्या, किती प्रती नेल्या, याची सही घेतली जाते. अर्जदाराला नोंदवहीच्या पूर्ण प्रती देण्याचं ठरलं, पानाला २ रुपये दराने. मी सबंध नोंदवही झेरॉक्स करायला घेतली. नियमाप्रमाणे या प्रतींचीही नोंद नोंदवहीत करणं आलं. ती केल्यावर शेवटचं पान बदललं. मग त्या पानाची पुन्हा झेरॉक्स, पुन्हा नोंद, पुन्हा पान बदललं. संध्याकाळी साहेबांकडे गेलो, तेव्हा त्यांनी बराच वेळ छताकडे बघितलं आणि लिहिलं, 'चर्चा करावी.'

आता जे सांगायचं ते वाचकांनी मनावर घ्यावं. माणसं येतात, तीन प्रती काढून घेतात, गरम गरम प्रती हातात घेऊन थुंकी लावून दोनदा मोजतात, एखादी कमी आहे का म्हणून हुज्जत घालतात, कडा जुळवून पिशवीत ठेवतात आणि निघून जातात. मूळ कागद झाकणाखाली काचेवर तसाच. माझा खालचा ड्रॉवर अशा कागदांनी गच्च भरला आहे. दहावीच्या गुणपत्रिका आहेत, फेरफार उतारे आहेत, विम्याच्या पॉलिसी आहेत, कुणाच्या तरी लग्नाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र आहे. ते नवराबायको नंतर एकदा येऊन त्याच्या आणखी प्रती मागत होते, पण झेरॉक्सवरून. मूळ कागद त्यांच्यासमोर धरला, तर म्हणाले, "नको, तो खराब होईल. यावरूनच काढा."

तरी ज्यांचे कोणाचे असतील त्यांनी आपापले कागद घेऊन जावेत. वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा, शनिवार-रविवार सोडून. दुपारी दोननंतर आलात तर मशीनकडून काही अपेक्षा ठेवू नये. कागद तुमचाच आहे हे पटवण्यासाठी येताना त्याच कागदाची झेरॉक्स आणावी. ती तुमच्याकडे असणारच, मोजून नेली होती.